वाळूखालचं युक्ला आणि रस्त्यावरचं युक्ला

पर्थहून पूर्वेला 1,400 किलोमीटरांहून जास्त गाडी हाकली की युक्ला लागतं. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या अगदी पूर्व टोकाचं हे गाव. पुढच्या राज्याची हद्द जेमतेम बारा किलोमीटरवर, पण ती ओलांडल्यावरही अ‍ॅडलेड गाठायला आणखी 1,200 किलोमीटरांहून जास्त अंतर उरतं. मोटेल, पेट्रोल पंप, खाण्यापिण्याची सोय आणि पोलीस ठाणं, एवढाच गावाचा पसारा. वस्ती पन्नासाच्या आगेमागे. अशा गावाची ओळख करून द्यावीशी वाटते, कारण गाव कशामुळे वसतं आणि कशामुळे उठतं, ते इथल्याइतकं उघडपणे फार कमी ठिकाणी दिसतं.

नलारबॉरचं पठार म्हणजे चुनखडीचा अफाट पसारा, सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरांचा. पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून खाली गुहांमध्ये उतरतो, त्यामुळे वर नदी नाही, झाड क्वचितच. या भागाचे मूळ रहिवासी मिर्निंग लोक. पाणी कुठे मिळतं, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होतं. 1841 मध्ये शोधप्रवासी एडवर्ड एअर या किनाऱ्याने पश्चिमेकडे चालत निघाला. समुद्रालगतच्या वाळूच्या टेकड्या उकरून पाणी काढायचं, हे त्याला मूळ निवासींकडूनच समजलं होतं. वाटेत त्याचा सहकारी बॅक्स्टर मारला गेला. शेवटी आल्बनीला पोचला तो एअर आणि त्याच्याबरोबर वायली नावाचा आदिवासी तरुण. पुढे इथून गेलेल्या महामार्गाला नाव मिळालं एअरचं. वायलीचं नावही त्याच मानाने घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

गाव उभं राहिलं ते तारेमुळे. आल्बनीकडून खांब रोवत आलेली तारेची लाइन आणि अ‍ॅडलेडकडून आलेली लाइन डिसेंबर 1877 मध्ये युक्लाला जोडल्या गेल्या. त्याआधी पर्थची बातमी पूर्वेकडे जायला जहाजाची वाट पाहावी लागे. आता ती तारेने अ‍ॅडलेडला आणि तिथून पुढे थेट लंडनपर्यंत जाऊ लागली.

पण एक पेच होता. देश अजून एक झालेला नव्हता, वसाहती वेगवेगळ्या होत्या आणि दोन बाजूंची मोर्स लिपीही वेगळी होती. त्यामुळे युक्लाच्या तार कचेरीत एका लांब टेबलाच्या अलीकडे एका वसाहतीचे तारबाबू बसत, पलीकडे दुसरीचे. पूर्वेकडून आलेली तार एकाने ऐकून कागदावर उतरवायची, कागद मधल्या आडोशातल्या झरोक्यातून सरकवायचा, आणि समोरच्याने तोच मजकूर आपल्या लिपीत पुन्हा ठोकायचा. व्यापाऱ्याचा भाव, सरकारी हुकूम, घरच्या मृत्यूची वार्ता, सगळं या टेबलावर हाताने पलीकडे जात असे. 1892 मध्ये कूलगार्डीला आणि 1893 मध्ये कालगुर्लीला सोनं सापडलं, माणसांची रीघ लागली आणि तारांचा ओघ प्रचंड वाढला. समुद्रकाठी धक्का होता, घरं होती, कर्मचाऱ्यांची कुटुंबं होती.

याच दशकात पूर्वेकडून ससे आले. 1859 मध्ये शिकारीच्या हौसेपायी व्हिक्टोरियात सोडलेल्या मूठभर सशांची ही पिलावळ खंडभर पसरत युक्लाला पोचली. वाळूच्या टेकड्या जागेवर धरून ठेवणारं गवत आणि झुडपं त्यांनी खाऊन फस्त केली. मुळं गेली आणि वाळू सुटली. दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर ती अंगणात, मग ओसरीत, मग घरात शिरू लागली. सशांना रोखायला पश्चिमेत 1901 पासून लांबच लांब कुंपण उभारलं गेलं, पण युक्लाला त्याचा उपयोग नव्हता.

वाळूशी झुंजत गाव आणखी काही वर्षं टिकलं असतंही. पण 1917 मध्ये खंड ओलांडणारी रेल्वे पुरी झाली, तीही बरीच उत्तरेकडून. तारेची लाइन रुळांलगत गेली आणि 1927 मध्ये युक्लाची कचेरी बंद पडली. आज तिच्या चुनखडीच्या दगडी भिंती पांढऱ्या वाळूतून अर्ध्यामुर्ध्या वर दिसतात. छप्पर नाही. वारा कधी वाळू सरकवून खिडकी मोकळी करतो, कधी तीच भरून टाकतो.

सध्याचं गाव तिथून चार-पाच किलोमीटरवर, कड्यावर आहे. त्याला जन्म दिला रस्त्याने. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1941-42 मध्ये, एअर हायवे काढला गेला. तो अथपासून इतिपर्यंत डांबरी व्हायला मात्र 1976 उजाडलं. या रस्त्याचा पश्चिमेकडचा एक तुकडा जवळपास 147 किलोमीटर नाकासमोर सरळ जातो, एकही वळण नाही. काही ठिकाणी रस्त्यावरच पांढरे पट्टे मारून धावपट्टी आखली आहे. अपघात झाला किंवा कुणी गंभीर आजारी पडलं, तर रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवेचं विमान तिथेच उतरतं. दवाखाना शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मुलखात या पट्ट्यांचं मोल निराळं सांगायला नको.

इथलं घड्याळही स्वतंत्र आहे. पर्थपेक्षा पाऊण तास पुढे, अ‍ॅडलेडच्या प्रमाणवेळेपेक्षा पाऊण तास मागे. सरकारने या वेळेला रीतसर मान्यता दिलेली नाही, तरी महामार्गावरच्या या मोजक्या वस्त्या तीच पाळतात. भारताच्या हिशेबाने ती सव्वातीन तास पुढे पडते.

1971 च्या अखेरीस युक्लाच्या आसपास कांगारूंबरोबर राहणारी रानातली बाई दिसल्याची बातमी उठली, छायाचित्रं छापून आली आणि जगभरचे पत्रकार धावले. ती निव्वळ बनवाबनवी निघाली. सेडुना ते कालगुर्ली 1,365 किलोमीटरांत पसरलेलं अठरा छिद्रांचं गोल्फ मैदान 2009 मध्ये सुरू झालं. त्यातलं युक्लाचं छिद्र याच बाईच्या नावाने ओळखलं जातं.

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या किंवा तिथे मुलांकडे जाणाऱ्या आपल्यापैकी कुणी हा रस्ता पार करणार असेल, तर घाई करू नका. पाणी भरपूर ठेवा, इंधन मिळेल तिथे भरा, आणि पहाटे, संध्याकाळी व रात्री गाडी चालवणं टाळा, कारण कांगारू तेव्हाच रस्त्यावर येतात. पश्चिमेकडे जात असाल तर फळं, भाज्या आणि मध हद्दीच्या तपासणी नाक्यावर काढून घेतात, म्हणून आधीच संपवा. आणि युक्लाला केवळ पेट्रोल भरून पुढे निघू नका. कड्याखाली उतरून जुन्या तार कचेरीच्या भिंती पाहा, फक्त त्यांच्यावर चढू नका.