माप आणि वजन (भाग ९) : ओल्या रेतीचा हिशेब

मागच्या आठवड्यात तेलाची एक लिटरची पिशवी काट्यावर ठेवली, आतलं तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरलं. वजनाला घनतेनं भागलं की आकारमान मिळतं, हे सूत्र तिथं सरळ लागू पडलं, कारण तेलात पोकळी नसते. आज पोकळी असलेल्या मालाकडे वळू. त्यासाठी लांब जायला नको. अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, दर दुसऱ्या गल्लीत बांधकाम नाहीतर दुरुस्ती चालू आहे आणि गेटपाशी रेती-खडीचा ढीग पडलेला आहे.

सिमेंट येतं वजनावर, ५० किलोच्या गोणीत. रेती-खडीचा भाव ब्रासवर ठरतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. मोठ्या कामाला तयार काँक्रीटची गाडी येते, तिथं सगळं वजनानं मिसळलेलं असतं. छोट्या कामावर मात्र १:२:४ हे प्रमाण अजून मापानंच चालतं. मग गोणीचं माप किती? सुट्या सिमेंटची घनता घनमीटरला १,४४० किलो धरतात. ५० भागिले १,४४० म्हणजे ०.०३४७ घनमीटर, जवळपास ३५ लिटर. म्हणून ३५ लिटरची पेटी करायची आणि एका गोणीला रेतीच्या दोन पेट्या, खडीच्या चार घालायच्या.

आता प्रश्न असा, की घनता नेमकी कशाची धरायची? अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो काळा बेसाल्ट अखंड असताना घनमीटरला २,८०० ते २,९०० किलो भरतो. तसल्याच दगडाची खडी केली की घनमीटरमध्ये जेमतेम दीड टन मावते. दगड तोच, उरलेली जागा हवेची. ढिगाचं माप काढताना ढिगाचीच घनता घ्यावी लागते, दगडाची नव्हे.

रेतीचं याहून अवघड आहे. कोरड्या रेतीची घनता १,६०० धरली, तर नऊ टनांच्या गाडीत ९,००० भागिले १,६००, म्हणजे ५.६ घनमीटर, साधारण दोन ब्रास. पण रेती दमट असली की प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि रेती फुगते. पाच टक्के ओलीला ती पाव हिश्श्यानं सहज वाढते. बारीक रेती त्याहूनही जास्त. अशा दोन ब्रासमध्ये खरी रेती १.६ ब्रासच असते. उरलेल्या जागेचे पैसे आपण भरतो.

पैशांपेक्षा मला काळजी वाटते ती मिश्रणाची. दमट रेतीच्या दोन पेट्या म्हणजे ७० लिटर. त्यात कोरड्या हिशेबानं ५६ लिटर, म्हणजे सुमारे ९० किलो रेती, आणि वर साडेचार लिटर पाणी. गोणीला ३० लिटर पाणी ठरलेलं असेल, तर मिक्सरमध्ये साडेचौतीस जातं. रेती कमी पडते म्हणून काँक्रीटमध्ये पोकळ्या राहतात, पाणी वाढतं म्हणून ताकद घटते. स्लॅब गळायला लागला की आपण सिमेंटला दोष देतो.

हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सरळ कडांची काचेची बरणी घ्या. तिच्यात दमट रेती न दाबता २० सेंटिमीटरपर्यंत भरा. मग रेती काढून घ्या, बरणीत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, तीच रेती थोडी थोडी आत सोडा आणि ढवळा. पूर्ण बुडाल्यावर कणांभोवतीचे पापुद्रे उरत नाहीत आणि रेती कोरडी असतानाच्या मापावर येऊन बसते. ती १६ सेंटिमीटरवर थांबली, तर फुगवटा २५ टक्के. त्या दिवशी दोनऐवजी अडीच पेट्या रेती घालायची आणि रेतीत आलेलं पाणी वरच्या पाण्यातून वजा करायचं.

सोसायटीच्या कमिटीवर असाल आणि पावसाळ्यात काम चालू असेल, तर मिक्सर सुरू होण्याआधी रोज सकाळी मुकादमासमोर ही बरणी भरून बघा.