पहिला सिगार कोणता घ्यावा?

दवाखान्यात काही प्रश्न औषधाची चिठ्ठी हातात पडल्यावर, खुर्चीवरून उठता उठता विचारले जातात. त्यातला एक अलीकडे अधूनमधून कानावर येतो. कुणाच्या मामांनी दुबईहून सिगारची पेटी आणलेली असते, कुणाला पुण्याच्या कंपनीत साहेबांनी पार्टीत एक हातात दिलेला असतो, तर कुठे मित्राच्या लग्नाच्या आदल्या रात्री 'एकदा ओढून तर बघू' असा बेत ठरलेला असतो. मग हळूच विचारणा होते, "डॉक्टर, नव्या माणसाने घ्यायचा तर कोणता सिगार बरा? हलका कुठला? आणि त्याचा धूर आत घ्यायचा नसतो म्हणे. म्हणजे सिगारेटइतका वाईट नाही ना?"

'वाईट आहे, ओढू नका' असे सांगून डॉक्टर मोकळा होतो, पण विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. तो पानपट्टीवाल्याला विचारतो, आणि तिथे उत्तर तयारच असते. म्हणून आज नवशिक्यांना जे सल्ले सर्रास दिले जातात, तेच एकेक घेऊन शरीराच्या बाजूने तपासून पाहू.

सिगार म्हणजे काय?

विडीला टेंभुर्णीचे पान असते, सिगारेटला कागद असतो. सिगारमध्ये मात्र आत तंबाखू, ती आवळून धरणारे पान तंबाखूचे आणि सर्वांत वरचे गुळगुळीत वेष्टनही तंबाखूचेच. जुन्या मंडळींना 'चिरूट' हा शब्द ठाऊक आहे. तो तमिळमधल्या 'सुरुट्टु', म्हणजे गुंडाळी, या शब्दावरून आला. तमिळनाडूतील दिंडिगल आणि तिरुचिरापल्ली ही गावे चिरुटांसाठी इंग्रजांच्या काळापासून प्रसिद्ध आहेत. तेव्हा सिगार परदेशातून येत असला तरी त्याचा भाऊ आपल्या देशात फार पूर्वीपासून आहे.

सिगारची पाने आधी सावकाश वाळवतात आणि नंतर ढीग रचून आंबवतात. ढिगात उष्णता तयार होते, अमोनिया वायू बाहेर पडतो, पानांचा उग्रपणा कमी होतो आणि त्यांना खास वास येतो. शौकीन लोक ज्या स्वादाचे कौतुक करतात तो इथेच तयार होतो. पण याच आंबवण्यात नायट्रोसामाइन नावाची द्रव्येही वाढतात, आणि ती कर्करोग उत्पन्न करणारी आहेत. स्वाद आणि विष एकाच ढिगात पिकतात.

चुन्याचा धडा

आता मुख्य मुद्दा. तळहातावर तंबाखू मळणारा माणूस तिला चुना का लावतो? चुन्याशिवाय तंबाखू 'लागत' नाही, हे त्याला अनुभवाने माहीत असते. शास्त्र असे की, चुन्यामुळे तंबाखू क्षारधर्मी होते, आणि क्षारधर्मी तंबाखूतले निकोटिन गालाच्या आतील पातळ अस्तरातून चटकन रक्तात उतरते.

सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. त्यातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातून फारसे शोषले जात नाही, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याला झुरका छातीत घ्यावा लागतो. सिगारचा धूर आंबवलेल्या पानांमुळे मुळातच क्षारधर्मी असतो. तो छातीत घ्यावा लागत नाही, नुसता तोंडात घोळवला तरी निकोटिन रक्तात जाते. म्हणजे सिगार ही चुना लावलेलीच तंबाखू आहे, फक्त तिला पेटवलेले आहे.

'धूर आत घ्यायचा नसतो' यात सिगारचा सौम्यपणा नाही. आत न घेताच काम भागते, एवढाच त्याचा अर्थ.

नवशिक्यांचे पाच सल्ले

*फिक्या रंगाचा निवडा.* सिगारच्या वेष्टनाचे रंग फिक्या तपकिरीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत असतात. पण रंग असतो तो वरच्या एका पानाचा, जोर असतो तो आत भरलेल्या तंबाखूचा. दुधाळ चहा कडक नसतोच असे नाही, तसेच हे. चव सौम्य लागली म्हणून निकोटिन कमी असते असेही नाही, आणि धुरातला डांबरासारखा चिकटा व कार्बन मोनॉक्साइड तर प्रत्येकात असतोच.

*बारीक आणि आखूड घ्या.* सिगारची जाडी एका इंचाच्या ६४ भागांत मोजतात. ५० आकड्याचा सिगार म्हणजे पाऊण इंचाहून थोडा जाड. लहान सिगारमध्ये तंबाखू कमी, हे खरे. पण तुलना कशाशी करायची? एका सिगारेटमध्ये साधारण एक ग्रॅमपेक्षाही कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ५ पासून २० ग्रॅमपर्यंत, म्हणजे कधी कधी वीस सिगारेटींच्या पाकिटाएवढी. एका सिगारेटमध्ये १० मिलिग्रॅमच्या आसपास निकोटिन असते, मोठ्या सिगारमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम. सगळे शरीरात जात नाही, पण सिगार तासभर आणि त्याहूनही अधिक वेळ तोंडात राहतो. अगदी लहान, सिगारेटएवढे सिगार मिळतात ते लोक सिगारेटसारखेच छातीत ओढतात. म्हणजे तोंडाचे आणि फुप्फुसाचे, दोन्ही नुकसान पदरात.

*भरल्या पोटी ओढा.* हा सल्ला देणाऱ्याला कारण माहीत असते. उपाशीपोटी नवख्या माणसाला तंबाखू लागते: दरदरून घाम, चक्कर, मळमळ, उलटी, छातीत धडधड. ही निकोटिनची सौम्य विषबाधाच आहे. ज्या वस्तूची सुरुवात सोसावी म्हणून आधी जेवून घ्यावे लागते, तिच्याविषयी शरीर काय म्हणते आहे ते वेगळे सांगायला नको.

*धूर गिळू नका, छातीत घेऊ नका.* हा सल्ला फुप्फुसापुरता काही अंशी खरा आहे. फक्त सिगार ओढणाऱ्यांत आणि धूर आत न घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा कमी आढळतो. पण न ओढणाऱ्यांपेक्षा तो जास्तच. ओठ, जीभ, गाल, टाळू आणि घसा यांना तर या सल्ल्याचा काही उपयोग नाही, कारण धूर तिथेच घोळत राहतो. धुरातले पदार्थ विरघळलेली लाळ आपण दिवसभर गिळतो, ती अन्ननलिकेतून जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ साली सिगारवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. रोज सिगार ओढणाऱ्यांत तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांपेक्षा अनेक पटींनी वाढतो, असे त्यात स्पष्ट मांडले आहे. सोबत दारू असेल तर दोन्हींचा परिणाम एकमेकांना वाढवतो. सिगार आणि व्हिस्की ही जोडी सिनेमात रुबाबदार दिसते, घशाच्या अस्तराला मात्र ती परवडत नाही.

*महाग घ्या, हाताने वळलेला, शुद्ध.* हाताने वळलेला सिगार कारागिरीचा नमुना असतो, याबद्दल वाद नाही. पण तंबाखू शुद्ध असली तरी ती तंबाखूच. कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये बाहेरून मिसळावी लागत नाहीत. ती पानात आणि ते जळताना तयार होतात. पाच रुपयांची विडी आणि पाच हजारांचा सिगार यांत पेशी फरक करीत नाही.

'चर्चिलला कुठे काय झाले?'

एवढे सांगितल्यावर कुणीतरी चर्चिलचे नाव काढतोच. ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल सिगार ओढत आणि १९६५ साली नव्वदाव्या वर्षी गेले. खरे आहे. आपल्याकडेही विडी ओढत ऐंशी गाठलेले एक आजोबा प्रत्येक आळीत असतात. पण जे लवकर गेले ते आपली गोष्ट सांगायला पारावर बसलेले नसतात.

त्यातल्या दोघांची गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६२ साली फोर्ट डोनेल्सनचा किल्ला पडला आणि सेनापती युलिसिस ग्रँट यांचे नाव देशभर झाले. त्यांच्या हातात सिगार होता अशी बातमी छापून आली आणि चाहत्यांनी त्यांना हजारो सिगार भेट पाठवले. त्यापूर्वी ते बेतानेच ओढत, भेटींच्या त्या ढिगाने सवय वाढली. पुढे ते राष्ट्राध्यक्ष झाले, आणि १८८५ साली त्रेसष्टाव्या वर्षी घशाच्या कर्करोगाने गेले. दुसरे मानसशास्त्रज्ञ सिग्मंड फ्रॉइड. १९२३ साली त्यांच्या टाळूला व वरच्या जबड्याला कर्करोग झाल्याचे आढळले. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. तोंड आणि नाक यांच्यामध्ये कृत्रिम पडदा बसवावा लागला, बोलणे-खाणे अवघड झाले. मनाच्या सवयींचा एवढा मोठा अभ्यासक, पण सिगार काही सुटला नाही. १९३९ साली त्यांचे निधन झाले.

लांब जायला नको. आंध्रच्या किनाऱ्यावर विशाखापट्टणम, श्रीकाकुळम भागात 'चुट्टा' नावाचा चिरूट ओढतात, आणि अनेक बायका त्याचे जळते टोक तोंडात धरून ओढतात. गोव्यात फणसाच्या पानात तंबाखू वळून केलेली 'धुमटी'ही काही ठिकाणी अशी उलटी ओढली जात असे. अशा लोकांत टाळूवर चट्टे आणि टाळूचा कर्करोग आढळतो. बाकी ठिकाणी टाळूचा कर्करोग कमी दिसतो. धग आणि धूर जिथे लागतो, तिथले अस्तर बिघडते, असाच याचा अर्थ.

महिन्यातून एखादा ओढला तर?

हा रास्त प्रश्न आहे, आणि उत्तरही सरळ द्यायला हवे. वर्षातून एकदा ओढलेल्या एका सिगारने कर्करोग होईल, असे मी म्हणणार नाही. धोका प्रमाणाबरोबर आणि वर्षांबरोबर वाढत जातो. पण इथपर्यंत चालते, अशी सुरक्षित रेघ कुणालाही आखून देता आलेली नाही. आणि निकोटिन सवय लावण्यात पटाईत आहे. महिन्याचा सिगार आठवड्याचा कधी झाला ते कळत नाही, कारण दोन्हींना 'कधीतरी' असेच म्हणतात.

ज्यांना हृदयविकार, रक्तदाब, दमा किंवा पोटात व्रण आहे, आणि ज्या गरोदर आहेत, त्यांच्यासाठी तर 'एखादा'ही नको. सिगारेट सोडायची म्हणून सिगार धरणाऱ्यांनीही सावध असावे. झुरका छातीत घ्यायची सवय त्यांच्या अंगवळणी पडलेली असते, ते सिगारचा धूरही नकळत आत ओढतात. आणि बंद खोलीत एक मोठा सिगार जळला तर घरच्यांच्या वाट्याला जवळजवळ पाकीटभर सिगारेटींचा धूर येतो. घरात दम्याचे मूल असेल तर रात्रभर त्याची छाती वाजते.

कुणी ओढलाच आणि चक्कर, मळमळ सुरू झाली, तर सिगार विझवावा, मोकळ्या हवेत बसावे किंवा आडवे व्हावे, घोट घोट पाणी प्यावे. गाडी चालवू नये. छातीत दुखले, शुद्ध हरपू लागली किंवा उलट्या थांबेनात, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. सिगारचे थोटूक लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ते चघळले तर मुलाला विषबाधा होऊ शकते.

आरशासमोर दोन मिनिटे

जे सिगार, विडी, सिगारेट, मिश्री, गुटखा यांपैकी काहीही वापरतात किंवा पूर्वी वापरत होते, त्यांनी महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात तोंड उघडून पाहावे. ओठ, दोन्ही गाल, हिरड्या, जीभ वर-खाली-बाजूला आणि टाळू. पुढीलपैकी काही दिसले तर थांबू नये:

— पुसून न जाणारा पांढरा चट्टा, किंवा लाल मखमली चट्टा (लाल अधिक धोक्याचा).
— दोन आठवड्यांत न भरणारे व्रण, मग ते दुखत नसले तरी.
— तोंड कमी उघडणे, आपलीच तीन बोटे उभी न मावणे.
— तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, गिळताना अडकणे.
— मानेत गाठ, किंवा कारण नसता हलू लागलेला दात.

सुरुवातीला हे बहुधा दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून लोक येत नाहीत. आपल्या डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावे, जिल्हा रुग्णालयातही तपासणी होते. लवकर आलेल्या रुग्णाचे काम पुष्कळदा छोट्या शस्त्रक्रियेत भागते, उशिरा आलेल्याचा जबडा काढावा लागतो.

ज्यांना सोडायचे आहे त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरही छापतात. सिगारेट सोडणाऱ्यांत तोंड व घशाच्या कर्करोगाचा धोका पाच ते दहा वर्षांत निम्म्यावर येतो, हे लक्षात ठेवावे. सोडायला उशीर झाला असे कधी नसते.

आता मूळ प्रश्नाचे उत्तर. रंग, जाडी, किंमत आणि गाव पाहून सिगारची चव निवडता येते, धोका निवडता येत नाही. नवशिक्याच्या हाती एकच खरी निवड असते, आणि ती काडी ओढण्यापूर्वी करायची असते. भेट आलेली पेटी दिवाणखान्यात शोभेला ठेवा, वाटल्यास पाहुण्यांना दाखवा. लाकूडकाम सुंदर असते. आतले मात्र पेटवू नका.