अर्भकाचा पहिला श्वास व प्राणवायु

मूल जन्मतांच रडलें कीं घरच्या मंडळींचा जीव भांड्यांत पडतो. या समाधानास शास्त्राचाही आधार आहे. मातेच्या उदरांत गर्भास प्राणवायु वारेकडून, नाळेच्या वाटेनें मिळतो. त्याच्या फुप्फुसांत तोंवर द्रव भरलेला असतो. पहिल्या श्वासाबरोबर तेथें हवा शिरते व प्राणवायु मिळविण्याचें काम फुप्फुसांकडे येतें. हा पालट अडला, तर त्यास जन्मकालीन श्वासावरोध म्हणतात.

मेंदूस प्राणवायूचा सांठा करून ठेवतां येत नाहीं. पुरवठा तुटला कीं थोड्याच मिनिटांत त्याच्या पेशी निकामी होऊं लागतात. अशीं मुलें वांचलीं तरी कित्येकांचे हातपाय ताठ राहतात, झटके येतात, बोलणें व शिकणें मंदावतें.

तर मग अशा मुलास शुद्ध प्राणवायु भरपूर द्यावा म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. एके काळीं डॉक्टरांसही वाटे. परंतु दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत साध्या हवेनेंही अर्भकें तितकींच सांवरलीं. हवेंत प्राणवायु अवघा २१ टक्के असतो. पण पूर्ण दिवसांच्या मुलास आरंभीं तेवढा पुरतो, आणि त्याचा अतिरेक नाजुक पेशींस अपायच करतो. २०१० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांतही साध्या हवेनेंच आरंभ करावा असें सांगितलें आहे. उणीव असते ती श्वासाची, नळकांड्याची नव्हे.

याचा पडताळा आपल्याच महाराष्ट्रांत आला. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें १९९५ पासून ३९ खेड्यांतील स्त्रियांस नवजात बालकांची निगा शिकविली. श्वास न घेणाऱ्या मुलाच्या तोंडानाकावर मुखवटा धरून, पिशवी दाबून हवा कशी द्यावी, हेंही त्या शिकल्या. श्वासावरोधानें होणारे मृत्यु त्या गांवांत सुमारें ६५ टक्क्यांनीं घटले.

वेळ टळल्यावर मात्र प्राणवायूचें सामर्थ्य तोकडें पडतें. कॅनडांत सेरेब्रल पाल्सीनें पीडित १११ मुलांवर एक चाचणी झाली. ती २००१ सालीं प्रसिद्ध झाली. कांहींस दाबाच्या कोठडींत शुद्ध प्राणवायु दिला, इतरांस किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गटांत सुधारणा सारखीच आढळली. तेव्हां अशा कोठडीपायीं होडी किंवा जमीन गहाण टाकण्यापूर्वीं पालकांनीं दहादां विचार करावा. नियमित व्यायामोपचार व शिक्षण यांवरच भर द्यावा.

आपल्या दिघीस एकीकडे समुद्र, दुसरीकडे राजपुरीची खाडी. मोठें रुग्णालय गांठण्यास वेळ लागतो. म्हणून बाळंतपणाची जागा आधींच ठरवावी. तेथें पिशवी व मुखवटा आहे काय, तो वापरणारी शिकलेली परिचारिका रात्रींही असते काय, हें आठव्या महिन्यापूर्वींच विचारून घ्यावें. मूल रडलें नाहीं तर त्यास उलटें टांगूं नये, त्यावर थंड पाणी शिंपडूं नये. कोरडें पुसून ऊब द्यावी, पाठ चोळावी, आणि तरीही श्वास न आल्यास पहिल्या मिनिटाच्या आंत पिशवीनें हवा द्यावी.