पिंपांतलें वय आणि बाटलीवरचें नांव

मद्याचा विषय निघाला कीं आपल्याकडे बोलणें दोन टोकांस जातें; एक तर निषेध, नाहीं तर थट्टा. निषेध करणारांचें कारण मी जाणतों व मला तें मान्यहि आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालींच मद्यास कर्करोगकारक पदार्थांत गणलें, आणि २०२३ च्या जानेवारींत त्या संघटनेनें असें जाहीर केलें कीं, मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणतां येत नाहीं. तेव्हां आजच्या भाषणांत कोणीं शिफारस शोधूं नये. परंतु आमच्या कामोठ्यांतील कित्येक घरांत आतां परदेशीं नोकरी करणारीं मुलें आहेत. सुट्टीस येतांना तीं विमानतळावरून एखादी बाटली आणतात, आणि मग बोर्बन, कास्क फिनिश, एंजल्स शेअर असे शब्द दिवाणखान्यांत उडूं लागतात. वडील मंडळी गप्प बसतात, कारण या शब्दांमागें काय आहे हेंच त्यांस ठाऊक नसतें. त्यामागें थोडें रसायन आहे, बराचसा कायदा आहे, आणि आपल्याकडील एका मोठ्या व्यवसायाच्या खरेपणाचा प्रश्नहि आहे.

प्रथम बोर्बन. हें अमेरिकेंतील, विशेषतः केंटकी प्रांतांतील पेय. व्हिस्की म्हणजे धान्य आंबवून, त्याचें ऊर्ध्वपातन करून, लाकडी पिंपांत मुरविलेला अर्क. स्कॉटलंडांत त्यासाठीं मोड आणलेले जव, म्हणजे आपला सातू, वापरतात, केंटकींत मका. अमेरिकेचा कायदा असें सांगतो कीं, बोर्बन म्हणावयाचें तर धान्यांत निदान शेंकडा ५१ भाग मका पाहिजे. अर्क पिंपांत भरतांना त्यांत मद्यार्क शेंकडा ६२॥ हून अधिक असतां कामा नये. रंग किंवा स्वाद बाहेरून घालतां येणार नाहीं. आणि पिंप ओकच्या लाकडाचें, आंतून जाळलेलें व कोरें असलें पाहिजे. १९६४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें ठराव करून हें आपल्या देशाचें खास पेय असल्याचें जाहीर केलें.

मक्याच्या आंबवणांत मागच्या ऊर्ध्वपातनानंतर भट्टींत उरलेलें आंबट पाणी थोडें घालण्याची तेथें चाल आहे. जेम्स क्रो नांवाच्या स्कॉटिश रसायनज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ही रीत शास्त्रशुद्ध केली. आपल्या गृहिणींस हें ऐकून विरजणाची आठवण होईल. पण साम्य वरवरचें आहे. विरजणांत जिवंत जंतु असतात. या उरलेल्या पाण्यांतील किण्व भट्टीच्या उष्णतेनें केव्हांच मेलेलें असतें. त्याचें काम एवढेंच कीं, आंबटपणा आणून नको त्या जंतूंस दूर ठेवावें.

आतां पिंपाकडे वळूं, कारण सारी गंमत तेथेंच आहे. भट्टींतून निघालेला अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. जो सोनेरी-तांबूस रंग आपण पाहतों तो लाकडाचा. पिंपाच्या आंतल्या बाजूस मिनिटाहूनहि कमी वेळ ज्वाळा लावतात. वरचा थर कोळसा होतो आणि त्यामागचें लाकूड नुसतें भाजलें जातें. कोळशाचा थर अर्कांतील उग्र गंधकयुक्त द्रव्यें शोषून घेतो. पाणी गाळण्याच्या यंत्रांत आपण कोळसा वापरतों तो याच गुणासाठीं. भाजलेल्या थरांत लाकडांतील शर्करा करपून गुळाच्या पाकासारखी होते, आणि लिग्निन नांवाच्या द्रव्यापासून व्हॅनिलिन निघतें. आइसक्रीमला ज्याचा वास येतो तेंच हें व्हॅनिलिन. दिवसा ऊन पडलें कीं अर्क फुगून लाकडांत शिरतो, थंडी पडली कीं आकसून बाहेर येतो. आणि प्रत्येक फेरींत लाकडांतून कांहीं घेऊन येतो.

हें पिंप सुमारें २०० लिटरचें. एकदां बोर्बन काढून घेतल्यावर कायद्याप्रमाणें त्यांत पुन्हां बोर्बन मुरवितां येत नाहीं, कारण तें आतां कोरें राहिलें नाहीं. मग या लाखो वापरलेल्या पिंपांचें करावयाचें काय? तीं जगभर विकलीं जातात. स्कॉटलंडची बहुतेक व्हिस्की आज अमेरिकेच्या या उष्ट्या पिंपांतच मुरते. आणि तींच पिंपें जहाजांत बसून बंगळुरास, गोव्यास व नाशिक जिल्ह्यांतहि येतात. केंटकीच्या एका कायद्यामुळें आपल्या देशांतील एका धंद्याची सोय झाली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

बंगळूरचें उदाहरण जरा विस्तारानें सांगतों, कारण तेथील कारखान्याच्या मालकांचें आडनांव ऐकून मराठी श्रोत्यांचे कान टवकारतील. तें आहे जगदाळे. राधाकृष्ण जगदाळे यांनीं १९४८ सालीं बंगळुरांत अमृत डिस्टिलरीज ही संस्था काढली. व्हिस्की या शब्दाचा गेलिक भाषेंतील मूळ अर्थ 'जीवनजल', तेव्हां अमृत हें नांव योगायोगानें नेमकें बसलें आहे. तें यथार्थ आहे कीं नाहीं, हा प्रश्न मी बाजूस ठेवतों. वडिलांच्या मागें १९७६ पासून नीलकंठ जगदाळे यांनीं धंदा पाहिला. पंजाब, हरियाणा, राजस्थान या भागांतील जव आणून ते माल्ट व्हिस्की करूं लागले. पण ती प्रथम मिश्रणांतच खपत असे. पुढें त्यांचे चिरंजीव रक्षित हे इंग्लंडांत न्यूकॅसल येथें व्यवसायशास्त्र शिकत असतां, हिंदी माल्ट व्हिस्की तेथें खपेल काय, या विषयाचा अभ्यास त्यांनीं हातीं घेतला. अखेर २००४ सालीं ती व्हिस्की प्रथम विक्रीस ठेवली ती ग्लासगो शहरांत, म्हणजे थेट स्कॉटलंडांत. काशींत जाऊन गंगाजल विकण्यासारखाच हा प्रकार! जिम मरे या इंग्रज समीक्षकानें २०१० च्या आपल्या वार्षिक ग्रंथांत त्यांच्या 'फ्यूजन' या प्रकारास जगांत तिसरें स्थान दिलें. अशा क्रमवाऱ्या म्हणजे अखेर एका माणसाच्या जिभेचा निर्णय, त्यांस फार महत्त्व देऊं नये. परंतु हिंदुस्थानांत व्हिस्की होऊं शकते यावर परदेशांतील दुकानदारांचा विश्वास बसण्यास त्याचा उपयोग झाला, हें खरें. नीलकंठ जगदाळे २०१९ सालीं निवर्तले.

या मंडळींपुढें खरी अडचण उभी राहिली ती हवेची. लाकूड श्वास घेतें. पिंपांतला अर्क फळ्यांतून हळूहळू उडून जातो. या तुटीस पाश्चात्य लोक 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडांत तो वर्षास सुमारें शेंकडा दोन असतो. बंगळुरांत दहा ते बारा. मी जन्मभर मुलांना चक्रवाढ व्याज शिकविलें, तेव्हां हें गणित मांडल्यावांचून मला राहवत नाहीं. फक्त येथें मुद्दल वाढत नाहीं, घटतें. २०० लिटरचें पिंप स्कॉटलंडांत बारा वर्षें ठेवलें तर सुमारें १५७ लिटर उरतात. तेंच पिंप शेंकडा अकराच्या दरानें बंगळुरांत बारा वर्षें ठेवलें तर उरतात अवघे ४९. पाऊण पिंप देवदूतांच्या घरीं जातें! म्हणून उष्ण देशांतील व्हिस्की चार-पांच वर्षांतच बाटलींत भरतात. आपल्याकडे मुरण्याची क्रियाहि तितकीच जलद होते. अमृतनें २०१३ मध्यें आठ वर्षें मुरविलेली व्हिस्की काढली, तिचें नांवच 'अधाशी देवदूत' अशा अर्थाचें ठेवलें. यावरून श्रोत्यांच्या ध्यानांत येईल कीं, बाटलीवरचा वर्षांचा आंकडा हा गुणाचें माप नव्हे. स्कॉटलंडची बारा वर्षें आणि दक्षिणेची बारा वर्षें हीं एकाच पट्टीनें मोजतां येत नाहींत. मोठा आंकडा पाहून जास्त पैसे मोजणारा पुष्कळदां आंकड्याचेच पैसे मोजतो.

यांत आणखी एक बारकावा आहे, आणि तो आमच्या कामोठ्यासारख्या खाडीकांठच्या वसाहतींत राहणारांस चटकन् पटेल. आषाढांत दोरीवरचे कपडे दोन दोन दिवस वाळत नाहींत, कारण हवा पाण्याच्या वाफेनें आधींच भरलेली असते. पिंपांतल्या पाण्याचेंहि तसेंच. दमट हवेंत पाण्यास बाहेर पडण्यास जागा नसते. पण हवेंत मद्यार्काची वाफ मुळींच नसल्यामुळें मद्यार्क मात्र खुशाल उडतो. म्हणून दमट जागीं अर्काचा जोर वर्षागणिक कमी होतो. उलट केंटकींतील गोदामांचे वरचे मजले उन्हाळ्यांत तापून कोरडे होतात. तेथें पाणीच अधिक उडतें व अर्क जोरकस होत जातो. गोव्यांत कुंकळ्ळी येथें जॉन डिस्टिलरीज या संस्थेचा कारखाना आहे. तेथील 'पॉल जॉन' ही माल्ट व्हिस्की २०१२ सालीं लंडनमध्यें प्रथम विक्रीस आली. तेथें वर्षाची तूट शेंकडा आठाच्या आसपास पडते. या संस्थेंत अमेरिकेंतील सॅझरॅक या बोर्बन करणाऱ्या बड्या कंपनीनें २०१७ मध्यें भाग घेतला. पिंपांमागून भांडवलहि त्याच वाटेनें आलें.

'कास्क फिनिश' म्हणजे काय, तें आतां सोपें आहे. व्हिस्की एका पिंपांत मुरवून झाली कीं ती काढून, ज्यांत पूर्वीं शेरी, पोर्ट किंवा अन्य द्राक्षमद्य भरलें होतें अशा दुसऱ्या पिंपांत कांहीं महिने वा वर्षें ठेवावयाची. या शेवटच्या संस्कारास मराठींत 'अंत्यसंस्कार' म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे; आपण 'पिंपबदल' म्हणूं. हिंगाची डबी कितीहि पुसली तरी तिच्यांत ठेवलेल्या साखरेस हिंगाचा वास लागतोच. पिंपबदलाचें तत्त्व तेंच. फक्त येथें वास मुद्दाम लावून घेतात. स्कॉटलंडांत बाल्वेनी कारखान्याच्या डेव्हिड स्ट्यूअर्ट यांनीं १९८० नंतरच्या दशकांत ही रीत रूढ केली. अमृतवाल्यांनीं तर २०१० मध्यें बोर्बनच्या पिंपांतून शेरीच्या व तेथून पुन्हां बोर्बनच्या, असा तिहेरी मुक्काम घडविला. नाशिक जिल्ह्यांत दिंडोरी येथें होणारी, २०२२ सालीं निघालेली 'लाँगिट्यूड ७७' हीहि बोर्बनच्या पिंपांतून निघून शेवटीं वाइनच्या पिंपांत मुक्काम करते.

या रीतीविषयीं रसिकांत मोठा वाद आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, पिंपाच्या फळ्यांत कित्येक लिटर जुनी वाइन मुरलेली असते; तेव्हां हा पिंपबदल म्हणजे मागच्या दारानें केलेली भेसळच. अमेरिकन कायद्यानें येथें शहाणपणाचा मार्ग काढला आहे: अशा मालास नुसतें बोर्बन म्हणतां येत नाहीं, पोर्टच्या पिंपांत शेवट केल्याचें बाटलीवर स्पष्ट लिहावें लागतें. मला हें रास्त वाटतें. डाळिंबीची उसळ उत्तम झाली असेल तर वर खोबरें-कोथिंबीर शोभते. उसळ करपली असेल तर तीच कोथिंबीर ती लपविण्यास उपयोगीं पडते. काय केलें तें सांगितलें म्हणजे तक्रारीस जागा राहत नाहीं.

आणि येथेंच आपल्या घरचा प्रश्न येतो. आपल्याकडे 'व्हिस्की' म्हणून जी स्वस्त दारू खपते तिच्यांतील बराचसा अर्क धान्याचा नसून उसाच्या मळीचा असतो. साखर-कारखान्यांच्या महाराष्ट्रांत मळीस तोटा नाहीं. युरोपच्या नियमानें व्हिस्की धान्याचीच पाहिजे व ती लाकडी पिंपांत निदान तीन वर्षें मुरली पाहिजे. म्हणून मळीची व्हिस्की तेथें त्या नांवानें विकतां येत नाहीं. मळीचा अर्क धान्याच्या अर्काहून अधिक विषारी असतो असें नव्हे. पण नांव एकाचें व माल दुसऱ्याचा, हा व्यवहार तुपाच्या बाबतींत आपण सहन करीत नाहीं.

विषाचा उल्लेख आला म्हणून एक गैरसमज दूर करतों. २०१५ च्या जूनमध्यें मालाडच्या मालवणी भागांत विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें दगावलीं. तीं मेलीं तें मेथनॉल या द्रव्यानें. त्यास जुन्या पुस्तकांत 'लाकडाचा मद्यार्क' म्हणत, कारण पूर्वीं तें बंद भांड्यांत लाकूड तापवून काढीत. त्या नांवामुळें कित्येकांस वाटतें कीं, लाकडी पिंपांतच तें विष तयार होत असावें. तसें नाहीं. अशा दुर्घटनांत मेथनॉल कारखान्यांच्या कामासाठीं बनविलेलें असतें आणि पैशाच्या लोभानें कोणी तरी तें दारूंत मिसळतो. त्याच्या अगदीं थोड्या मात्रेनेंहि दृष्टि जाते. आणि तें चवीवरून ओळखतां येत नाहीं.

२०२५ च्या फेब्रुवारींत आपल्या सरकारनें बोर्बनवरील आयातकर १५० टक्क्यांवरून १०० वर आणला. त्याच वर्षींच्या जुलईंत ब्रिटनशीं झालेल्या कराराप्रमाणें स्कॉच व्हिस्कीवरील कर १५० वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० वर उतरावयाचा आहे. आपल्या कारखानदारांची यावर तक्रार अशी कीं, परदेशी माल येथें स्वस्त होणार, मग आमच्या मालास तेथें तीन वर्षांची अट कां? तक्रारीचा अर्धा भाग मळीच्या मालासाठीं आहे व तो मला पटत नाहीं. धान्याच्या व्हिस्कीपुरतें मात्र तिच्यांत तथ्य आहे, कारण त्या तीन वर्षांत स्कॉटलंडांत २०० लिटरपैकीं १८८ उरतात, आणि बंगळुरांत १४१.