लिक्विड कूलरची उतरती वर्षं

संगणक पाण्याने थंड करण्याची कल्पना घरगुती संगणकापेक्षा जुनी आहे. आयबीएमने साठच्या दशकातच आपल्या मोठ्या यंत्रांत पाणी खेळवलं होतं. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किट बोर्डच फ्लुओरिनर्ट या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेले असत. अ‍ॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं. त्यातली काही यंत्रं पुढे गळली.

खरा बदल २००९ चा. डेन्मार्कच्या असेटेक कंपनीने बनवलेला एच५० हा लिक्विड कूलर कॉर्सेअर कंपनीने बाजारात आणला. तो कारखान्यातच भरून बंद केलेला होता, पंप थेट प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकमध्ये. पाणी भरणं नको, नळ्या कापणं नको. पुढच्या दहा वर्षांत असे कूलर गेमिंगच्या आणि व्हिडिओ एडिटिंगच्या यंत्रांत सर्रास दिसू लागले. देखभाल लागत नाही, असं सांगून ते विकले गेले. ते म्हातारे होतात, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही.

बंद नळीतूनही पाणी जातं. बाहेर थेंब दिसत नाही, पण रबराच्या भिंतीतून वाफ वर्षानुवर्षं झिरपत राहते. आत हवेची पोकळी वाढते, पंप गुळगुळ आवाज करू लागतो. दुसरी गोष्ट धातूंची. ब्लॉकचा तळ तांब्याचा आणि उष्णता हवेत सोडणारा रेडिएटर बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. गंज रोखणारं रसायन क्षीण झालं की गाळ धरतो आणि तळाच्या अतिबारीक खाचांत अडकून बसतो. चांगल्या कूलरची वॉरंटीही साधारण पाच-सहा वर्षांचीच असते.

माझ्या नागपूरच्या घरातला डेस्कटॉप याच पिढीतला. सुरुवातीचे उन्हाळे त्याने बिनतक्रार काढले. मग दर मे महिन्यात पंख्यांचा आवाज चढत गेला. उपाय सुचवणारे भरपूर: थर्मल पेस्ट बदला, पंखे वाढवा, प्रोसेसरच नवा घ्या. आणि नागपूरचं ऊन तर होतंच दोष द्यायला. रेडिएटर खोलीच्या हवेहून थंड होऊ शकत नाही, हे खरंच. पण खोली आणि प्रोसेसर यांच्या तापमानातलं अंतर तेच काम करताना जानेवारीत आणि मेमध्ये जवळपास सारखंच राहायला हवं. पंखे तेच असताना ते अंतर वर्षागणिक वाढत असेल, तर ऊन निर्दोष आहे.

शेवटी निदान हाताने झालं. प्रोसेसर १०० अंशांवर, स्वतःचा वेग कमी करत असलेला. पंखे पूर्ण जोरात. आणि रेडिएटरमधून येणारी हवा मात्र गार. एक नळी गरम, दुसरी थंड. उष्णता ब्लॉकपाशीच अडली होती, प्रवाह जवळपास थांबला होता. गंमत नव्हे, धोक्याची बाब म्हणजे बायोसमध्ये पंपाचा वेग ठीक दिसत होता. पंप फिरतो एवढंच तो आकडा सांगतो. पाणी वाहतं की नाही, ते सांगत नाही.

मी त्या जागी हवेवर चालणारा मोठा टॉवर कूलर बसवला. त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा, आणि तो कुठल्याही दुकानात मिळतो. तुमचं यंत्र पाच-सहा वर्षांचं असेल आणि तापत असेल, तर नव्या प्रोसेसरवर पैसे घालण्याआधी त्या दोन नळ्यांना हात लावून बघा.