गणकयंत्राची पुसलेली पाटी

दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा येथील ज्या शाळांतून इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अभ्यासक्रम शिकविला जातो, तेथील विद्यार्थ्यांच्या दप्तरात आलेख काढणारे गणकयंत्र असते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या गणिताच्या परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्याला गणकयंत्र वापरता येत नाही. येथे मात्र काही प्रश्नपत्रिकांसाठी ते आवश्यकच असते. परीक्षेच्या तोंडावर त्यातील आज्ञावली अद्ययावत करावयास जावे, मध्येच केबल निसटावी आणि पडदा कोरा व्हावा, म्हणजे महागाचे यंत्र वाया गेले असे समजून सारे घर चिंतेत पडते. ही चिंता बहुधा अस्थानी असते.

कॅसिओ कंपनीने १९८५ साली आलेख काढणारे पहिले गणकयंत्र बाजारात आणले. त्या काळच्या यंत्रांत आज्ञावली कायमची कोरलेली असे. पुढे फ्लॅश स्मृती आली आणि आज्ञावली बदलणे शक्य झाले. या स्मृतीची रीत शाळेतल्या पाटीसारखी आहे: जुने पुसल्यावाचून नवे लिहिता येत नाही, आणि पुसावयाचे तर एक संपूर्ण चौकट एकदम पुसावी लागते. पुसणे झाले आणि लिहिणे अर्धवट राहिले, की यंत्राजवळ ना जुनी आज्ञावली उरते, ना नवी.

परंतु यंत्र रचणाऱ्यांनी हा प्रसंग आधीच गृहीत धरलेला असतो. स्मृतीचा एक लहानसा भाग ते संरक्षित ठेवतात. अद्ययावतीकरणात त्याला हात लागत नाही. त्यातील मजकुरास बूट कोड म्हणतात. त्याला गणित येत नाही, आलेखही काढता येत नाही. नवी आज्ञावली स्वीकारणे, ती अस्सल आहे की नाही हे पडताळणे आणि ती बसविणे, एवढेच त्याचे काम.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या २००४ सालच्या टीआय-८४ प्लस या यंत्राचे उदाहरण घ्यावे. प्रथम त्यात चार नवे सेल घालावेत. नंतर एक सेल काढून, 'डेल' ही कळ दाबून धरावी, सेल पुन्हा बसवावा आणि मग कळ सोडावी. कार्यप्रणाली बसविण्याची इंग्रजी सूचना पडद्यावर दिसली, म्हणजे बूट कोड शाबूत आहे असे समजावे. मग यंत्र केबलने संगणकाला जोडून, कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेली, त्याच प्रतिकृतीची आज्ञावली पाठवावी आणि काम पुरे होईपर्यंत केबल हलवू नये. इतर यंत्रांच्या कळा निराळ्या असतात. त्या माहितीपुस्तिकेत पाहाव्यात.

विद्यार्थ्याने तात्पुरत्या स्मृतीत ठेवलेले कार्यक्रम या खटाटोपात नाहीसे होतात. त्यांची प्रत संगणकावर आधीच काढून ठेवलेली बरी. एवढे करूनही सूचना उमटलीच नाही, तर मात्र नेहरू प्लेसच्या कुशल कारागिराकडे जावे. तोपर्यंत यंत्र उघडण्याचे कारण नाही. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री चालत्या यंत्राची पाटी पुसावयास न जाणे, हे सर्वांत श्रेयस्कर.