थ्री सेव्हन्टी-फाइव्हची साक्ष

दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात पायी सफर निघते, तेव्हा सर्वांत पुढे चालणाऱ्या वाटाड्याच्या हातात जाड नळीची रायफल असते. नवख्याला वाटतं, ही चोरट्या शिकाऱ्यांसाठी असणार. पण ती असते हत्ती, सिंह किंवा रानरेडा अंगावर आलाच तर. चोरट्यांच्या मागावर निघणारी पथकं लष्करी धाटणीच्या, लहान काडतुसांच्या रायफली वापरतात. माणसासाठी एवढ्या जड गोळीची गरजच नसते.

या थोराड घराण्यातलं सर्वांत भरवशाचं काडतूस म्हणजे थ्री सेव्हन्टी-फाइव्ह. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ते १९१२ मध्ये आणलं. त्याची गोळी साडेनऊ मिलिमीटर जाड आणि सुमारे १९ ग्रॅम वजनाची. एके-४७ची जेमतेम ८ ग्रॅमची. १९५६ मध्ये विंचेस्टरने आणलेल्या फोर फिफ्टी-एटची तर ३२ ग्रॅमची. हत्तीच्या कवटीतलं जाळीदार हाड भेदायचं, तर गोळी जड हवी, भरीव हवी आणि वाटेत न पसरणारी हवी.

ताकदीइतकाच भरवसाही लागतो. म्हणून अशा अनेक रायफलींची यंत्रणा माउझर धर्तीची असते. काडतूस पेटीतून वर येताच बोल्टचा आकडा त्याच्या बुडाची कड पकडतो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. भेदरलेल्या हातांनी बोल्ट अर्धाच ओढला, तरी दोन काडतुसं एकमेकांत अडकायची भीती कमी.

हेच गुण चोरट्यांनीही हेरले. दक्षिण आफ्रिकेत २००७ मध्ये १३ गेंडे चोरट्या शिकारीत मेले. २०१४ मध्ये १,२१५. पकडलेल्या टोळ्यांकडे पुन्हा पुन्हा सापडल्या त्या थ्री सेव्हन्टी-फाइव्ह आणि फोर फिफ्टी-एट याच दोन काडतुसांच्या रायफली, बऱ्याचदा सायलेन्सर लावलेल्या. सोबत शिंग तोडायला कुऱ्हाड. ते शिंग केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचं.

गेंडा मेल्यावर तपासपथक धातुशोधक घेऊन कलेवरातली गोळी हुडकतं. गोळीला फिरकी मिळावी म्हणून नळीत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात. रायफल हे नावच त्या खाचांवरून पडलं. सुटताना त्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात. जप्त केलेल्या रायफलीतून प्रयोगशाळेत पुन्हा गोळी झाडतात आणि दोन्ही गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवतात. ओरखडे जुळले, की सायलेन्सरने दाबलेला आवाज न्यायालयात ऐकू येतो.